सेफ्टीच्या खात्यावर काय मांडायचं?

२०११ च्या हंगामात ग्रीन बे पॅकर्सने १६ पैकी १५ सामने जिंकले. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या सर्वोच्च पातळीवर, असं क्वचित घडतं. त्याच हंगामात पासवर सगळ्यात जास्त यार्ड देणारा, म्हणजे समोरच्याला पास टाकून सगळ्यात जास्त अंतर कापू देणारा संघही हाच: एकूण ४,७९६, सामन्यामागे जवळपास ३००. ३२ संघांच्या यादीत ३२ वा. आणि समोरच्याचे पास हवेतल्या हवेत पळवण्याच्या, म्हणजे इंटरसेप्शनच्या यादीत ३१ सह पहिला. एकच बचावफळी, एका तक्त्यात तळाला आणि दुसऱ्यात माथ्यावर.

त्या हिवाळ्यात ज्याने त्याने आपल्या सोयीचा तक्ता उचलला. यार्ड गेले तर गेले, चेंडू तर आपण पळवतोय, असं म्हणणारे एका बाजूला. हे सगळे विजय म्हणजे चेंडू फेकणाऱ्या ॲरन रॉजर्सच्या हाताची पुण्याई, बचाव नुसता नावाला, असं म्हणणारे दुसऱ्या बाजूला. माझ्या मते दोन्ही तक्ते ज्याच्याबद्दल गप्प बसतात तो माणूस म्हणजे सेफ्टी. आणि तो धड मोजता येत नाही म्हणून कधी त्याच्या जागी मिळेल तो गडी उभा करायचा, तर कधी भलत्याच गुणासाठी त्याच्यावर पैसा उधळायचा, हे जाणते म्हणवणारे संघही करत आले आहेत. सेफ्टीचं बहुतेक काम चेंडूपासून लांब चालतं. त्याची किंमत मात्र चेंडूजवळ त्याने काय केलं यावरून ठरते. माझी तक्रार आहे ती इथे.

हा खेळ नेहमी न पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. चेंडू फेकणारा तो क्वार्टरबॅक, तो झेलायला धावणारे ते रिसीव्हर. रिसीव्हरला चिकटून राहतात ते कॉर्नरबॅक. या सगळ्यांच्या मागे, कधी बारा-पंधरा यार्डांवर, दोन सेफ्टी असतात. कुणी सुटला, कुणी घसरला, कुणाचा अंदाज चुकला, तरी त्यांच्या पुढून कुणी निसटता कामा नये. त्यांच्या मागे कुणीच नसतं. कबड्डी पाहणाऱ्याला हे लगेच कळेल. कोपऱ्यातला गडी घोटा धरतो आणि टाळ्या घेतो. पण चढाईवाला मधल्या पट्ट्यात शिरायला धजला नाही, तो कव्हर नेमक्या जागी उभा होता म्हणून. गुणफलकावर त्या उभं राहण्याचं काहीही लागत नाही.

त्यात दूरदर्शनच्या कॅमेऱ्याने आणखी घोळ करून ठेवलाय. कॅमेरा चेंडूच्या मागे असतो. प्ले सुरू होताना खोलवर उभा असलेला सेफ्टी बहुतेक वेळा चौकटीच्या बाहेर राहतो. पास सुटला की कॅमेरा गरकन वळतो, आणि उशिरा धावत येणारा एक माणूस आपल्याला दिसतो. प्रेक्षकाचा निकाल तिथेच लागतो: याचीच चूक. तो कुठून आला, त्याला आधी कुणाकडे पाहायचं काम दिलं होतं, त्याच्या पुढे, मधल्या फळीत खेळणाऱ्या लाइनबॅकरने आपला पट्टा सोडला होता का, यातलं काहीच दिसलेलं नसतं. बावीसच्या बावीस खेळाडू एका चौकटीत दाखवणारं चित्रण प्रशिक्षकांकडे कायम होतं. सामान्य प्रेक्षकाला ते पैसे मोजून का होईना, मिळायला लागलं २०१२ पासून. म्हणजे त्याआधीच्या कित्येक पिढ्यांनी सेफ्टींना शिव्याही अंदाजाने घातल्या आणि डोक्यावरही अंदाजानेच घेतलं.

आता पॅकर्सकडे वळू, कारण या वादातली जवळजवळ प्रत्येक गाठ त्यांच्या चार-पाच वर्षांत सापडते.

२०१० मध्ये त्यांचा फ्री सेफ्टी होता निक कॉलिन्स. २००५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू संघांनी पाळीपाळीने निवडायच्या फेऱ्यांमध्ये, दुसऱ्या फेरीत निवडलेला, २००८ ते २०१० अशी सलग तीन वर्षं प्रो बोलसाठी, म्हणजे हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या मानाच्या सामन्यासाठी निवड झालेला. त्याच्या जोडीला मॉर्गन बर्नेट होता, पण त्याचा गुडघा हंगामाच्या सुरुवातीलाच गेला आणि त्या जागी चार्ली पेप्रा आला. कॉलिन्स आणि पेप्रा या जोडीसह पॅकर्सने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना जिंकला. समोरच्या क्वार्टरबॅकांना त्या हंगामात पॅकर्सविरुद्ध मिळालेलं पासर रेटिंग ६७.२ होतं. हा आकडा जितका कमी तितका बचाव चांगला, आणि त्या वर्षी लीगमध्ये सगळ्यात कमी तोच होता. बिग बेन रॉथलिसबर्गरचा पास पकडून कॉलिन्सने अंतिम सामन्यात ३७ यार्ड पळत टचडाउन केला, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे नेला, तो क्षण लोकांना अजून आठवतो. पण ते चित्रण नीट पाहिलं तर हॉवर्ड ग्रीन नावाचा धिप्पाड गडी रॉथलिसबर्गरच्या हातावर आदळलेला दिसतो. पास आखूड पडला तो त्यामुळे. इंटरसेप्शन कॉलिन्सच्या नावावर लागलं. ते लागायलाच हवं, कारण आखूड पडलेल्या चेंडूखाली पोचायला कुणीतरी तिथे असावं लागतं. तरी अर्धा वाटा ग्रीनचा, आणि त्याच्या खात्यावर यातलं काहीही चढत नाही.

पुढच्या हंगामाच्या दुसऱ्याच सामन्यात, कॅरोलायनाच्या जोनाथन स्टुअर्टला अडवताना कॉलिन्सच्या मानेला मार लागला. त्याला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावं लागलं. तो पुन्हा कधीच खेळला नाही. बर्नेट बरा होऊन परतला होता. कॉलिन्सच्या जागी पेप्रा आला. त्या हंगामात पेप्राने किती इंटरसेप्शन घेतली? पाच. आदल्या वर्षी कॉलिन्सची होती चार.

फक्त तक्ता वाचणाऱ्याने यातून काय समजायचं? की बदली माणूस सवाई निघाला. आणि त्याच वेळी संघ पास डिफेन्समध्ये शेवटच्या क्रमांकावर जाऊन बसला होता. पेप्रा तोच होता, ज्याने वर्षभरापूर्वी कॉलिन्सच्या शेजारी उभं राहून अंगठी मिळवली. बदललं होतं ते त्याच्या शेजारचं आणि मागचं मैदान. आधी कॉलिन्स मागे असायचा म्हणून पेप्राला पुढे झेप घ्यायची मुभा होती. आता झेप चुकली की मागे थेट गोलरेषा.

१५ जानेवारी २०१२. पॅकर्सच्या घरच्या लॅम्बो फील्डवर न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध बाद फेरीचा सामना; आपल्याकडे सोमवारची पहाट. पहिल्याच क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या पहिल्या पावात, जायंट्सचा क्वार्टरबॅक एलाय मॅनिंगने मैदानाच्या मध्यावर हकीम निक्सला पास दिला. तो साधारण अंतराचा पास होता आणि तिथेच थांबायला हवा होता. पेप्रा आला तो हात पसरून विळखा घालायला नव्हे, खांद्याने धडक द्यायला. धडकला, आणि स्वतःच बाजूला उडाला. निक्स सरळ ६६ यार्डांचा टचडाउन करून मोकळा झाला. मध्यंतराला काही सेकंद उरलेले असताना मॅनिंगने गोलरेषेकडे उंच चेंडू भिरकावला, आणि पॅकर्सच्या घोळक्यात उडी मारून तोही निक्सनेच पकडला. मॅनिंगचे ३३० यार्ड, तीन टचडाउन, इंटरसेप्शन फक्त एक. जायंट्स ३७, पॅकर्स २०. सोळा सामन्यांत ३१ वेळा जे घडलं ते बाद फेरीच्या त्या संध्याकाळी एकदाच घडलं आणि उघडं पडायचं ते उघडं पडलं.

यावर हमखास निघणारा मुद्दा असा: पॅकर्सच्या आक्रमणाने त्या वर्षी ५६० गुण केले. मागे पडलेला संघ पास टाकतच राहणार, मग यार्ड वाढणार नाहीत तर काय? मुद्दा बरोबर आहे, आणि म्हणूनच एकूण यार्डांच्या तक्त्यावर मी पैज लावणार नाही. शिवाय ते वर्षच पासचं होतं. ब्रीस, ब्रेडी आणि स्टॅफर्ड अशा तीन क्वार्टरबॅकांनी पाच हजार यार्ड ओलांडले. स्टॅफर्डचे ५२० तर एकट्या पॅकर्सविरुद्ध, हंगामाच्या शेवटच्या सामन्यात, आणि तरी पॅकर्स ४५–४१ ने जिंकले. आणखी एक गोष्ट माझ्याच म्हणण्याच्या आड येते, ती लपवण्यात अर्थ नाही: कॉलिन्स धडधाकट असतानाच, हंगामाच्या पहिल्या सामन्यात ब्रीसने ४१९ यार्ड काढले होते, आणि ज्या सामन्यात कॉलिन्स जखमी झाला त्यात नवख्या कॅम न्यूटनने ४३२. सॅकही, म्हणजे पास सुटायच्या आत क्वार्टरबॅकला पाडण्याचे प्रसंगही, ४७ वरून २९ वर आले होते, कारण कलेन जेनकिन्स संघ सोडून फिलाडेल्फियाला गेला आणि क्ले मॅथ्यूजला एकट्याला दोन-दोन गडी झेलावे लागले. क्वार्टरबॅकला निवांत उभं राहायला मिळालं तर जगातला कुठलाही सेफ्टी शेवटी हरतो.

म्हणजे कॉलिन्स असता तर सगळं ठीक झालं असतं, असं मी म्हणत नाही. त्या ६६ यार्डांपुरतं मात्र म्हणतो. पास पोचणं ही अनेकांची मिळून झालेली गोष्ट असते. पंधरा-वीस यार्डांचा पास ६६ चा होणं ही बहुतेक वेळा सेफ्टीची. संघाच्या पास डिफेन्सचं पुस्तक उघडताना मी आधी हेच पान पाहतो. किती दिले ते नंतर, एका वेळी जास्तीत जास्त किती गेले ते आधी.

याचं सगळ्यात देखणं उदाहरण सिएटलचं. २ फेब्रुवारी २०१४ च्या सुपर बोलमध्ये पेटन मॅनिंग डेन्व्हरकडून उतरला तो हंगामात ५५ टचडाउन पासांचा विक्रम करून. त्या सामन्यात त्याचे ३४ पास पोचले. सुपर बोलमधला तोवरचा तो विक्रम होता. डेमॅरियस थॉमसने १३ झेल घेतले, तोही विक्रम. आणि डेन्व्हरचे गुण? आठ. सिएटलचे ४३. चौतीस पासांत मिळून २८० यार्ड, आणि एवढ्या झेलांत धोक्याचा म्हणावा असा एखादाच. अर्ल थॉमस मागे एकटा अख्खं मैदान राखत होता, त्यामुळे कॅम चॅन्सलरला पुढे येता येत होतं. आडवे, आखूड पास घ्यायचे, आणि झेलताक्षणी चॅन्सलरचा खांदा खायचा. सुरुवातीच्याच एका झेलावर डेमॅरियस थॉमसला त्याने जो ठोसा दिला, त्यानंतर डेन्व्हरचे रिसीव्हर मधल्या पट्ट्यात बिचकायला लागले हे उघड्या डोळ्यांना दिसत होतं. चॅन्सलर २०१० च्या पाचव्या फेरीतला, अर्ल थॉमस त्याच वर्षीची १४ वी निवड. एक दांडगा, एक चपळ. पण जोडी म्हणूनच त्यांचा विचार करावा लागतो.

अर्ल थॉमसची किंमत कळली ती तो नसताना. ४ डिसेंबर २०१६ ला कॅरोलायनाविरुद्ध तो चॅन्सलरलाच धडकला आणि त्याच्या नडगीचं हाड मोडलं. पुढच्याच आठवड्यात सिएटल लॅम्बोवर गेलं. रॉजर्सने सुरुवातीलाच डव्हांटे ॲडम्सला लांब पास दिला, टचडाउन. योगायोगाने तोही ६६ यार्डांचा. सामना ३८–१० असा गेला. बाद फेरीत अटलांटाने त्यांना ३६–२० ने घरी पाठवलं. बाकीची नावं तीच होती: शर्मन, चॅन्सलर, वॅग्नर, बेनेट. सेफ्टीचं मोल काढायला नुकसानीचा हा हिशोब क्रूर आहे, पण इतका स्वच्छ दुसरा मला माहीत नाही.

इंटरसेप्शनचं कौतुक मी सरसकट मोडीत काढत नाही. एड रीडची ६४ इंटरसेप्शन आणि ती पकडून काढलेले १,५९० यार्ड नशिबाने होत नाहीत. त्याच्याशी खेळताना टॉम ब्रेडीच्या मनगटावरच्या पट्टीवर, प्रत्येक प्लेला २० नंबर कुठे आहे ते पाहा, अशा अर्थाची सूचना होती. वीस नंबर म्हणजे रीड. रीडची खरी मोठेपणाची नोंद मला त्या पट्टीत दिसते. पण रीड एक. बाकी बहुतेकांच्या बाबतीत इंटरसेप्शन म्हणजे कुणीतरी पुढून क्वार्टरबॅकला घाई केली, कुणाच्या तरी हाताला लागून चेंडू उडाला, आणि तिसराच योग्य जागी होता. वर्षाला चार की पाच, एवढ्याशा फरकावर माणसाचा भाव ठरवणं म्हणजे दोन पावसांवरून हवामान सांगणं.

पॅकर्सची गंमत अशी की या फसव्या आकड्याला ते फसले नाहीत. पाच इंटरसेप्शनवाल्या पेप्राला त्यांनी २०१२ च्या हंगामाआधीच सोडलं. निदान बरोबर होतं. चुकला तो इलाज. छत्तिशीत आलेल्या चार्ल्स वुडसनला कॉर्नरवरून मागे नेलं. त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं आणि हंगाम संपल्यावर त्यालाही सोडलं. मग बर्नेटच्या जोडीला एम. डी. जेनिंग्स, ज्याला ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नव्हतं, आणि चौथ्या फेरीतला जेरॉन मॅकमिलियन. सेफ्टी काय, मागे उभा राहणारा कुणीही चालेल, असा एकूण रोख. २०१३ च्या हंगामात पॅकर्सच्या सेफ्टींची मिळून इंटरसेप्शन होती शून्य. मॅकमिलियनला तर हंगाम चालू असतानाच नारळ दिला. आता, इंटरसेप्शनवर विश्वास ठेवू नका म्हणणाऱ्याने शून्याकडे बोट दाखवणं हा दुटप्पीपणा नाही का? थोडा आहे. पण चार आणि पाच यांत फरक नसतो, तसं शून्य आणि चार यांचं म्हणता येत नाही. वर्षभरात एकही चेंडू हातात येत नाही, तेव्हा माणूस चेंडूच्या आसपासच पोचत नाही असं समजायला हरकत नाही.

मग २०१४ मध्ये त्यांनी पहिल्या फेरीची, २१ वी निवड खर्च केली: हा हा क्लिंटन-डिक्स. आणि १८ जानेवारी २०१५ ला सिएटलमध्ये असा सामना झाला, की सेफ्टींवर प्रबंध लिहायचा तर तो एकटा पुरावा. रसेल विल्सनची चार इंटरसेप्शन. त्यांतली दोन क्लिंटन-डिक्सची, एक बर्नेटचं. तक्त्यावर पॅकर्सच्या सेफ्टींची वर्षातली सगळ्यात मोठी संध्याकाळ. १९–७ अशी आघाडी, पाच मिनिटं उरलेली, बर्नेटने चौथा चेंडू पळवला, आणि समोर मोकळं मैदान असताना तो खाली बसला. ज्युलियस पेपर्सने तशी खूण केली होती. सामना संपल्यात जमा होता ना! पुढे सिएटलने टचडाउन केला, मग चेंडू परत मिळवायला मुद्दाम मारलेली आखूड किक, म्हणजे ऑनसाइड किक, पॅकर्सच्या हातून सुटली, मार्शॉन लिंचने आणखी एक केला. मग टचडाउननंतरचा दोन जादा गुणांचा प्रयत्न. विल्सन मागे मागे पळत राहिला आणि त्याने मैदानाच्या दुसऱ्या टोकाला नुसता हवेत उंच चेंडू टाकला. चेंडू खाली यायला इतका वेळ लागला की बघणाऱ्याने दोनदा श्वास घ्यावा. क्लिंटन-डिक्स तिथेच होता. उडी मारून हात लावायचा होता फक्त. तो थबकला, लूक विल्सनने चेंडू घेतला. नंतरच्या बरोबरीमुळे सामना जादा वेळात गेला, आणि तिथे सिएटलचा शेवटचा ३५ यार्डांचा पास जर्मेन कर्सला गेला तेव्हा पॅकर्सने मागे एकही सेफ्टी ठेवला नव्हता. सगळे पुढे, कॉर्नर एकटा. पॅकर्स २२, सिएटल २८.

या सामन्याची चर्चा आजही ऑनसाइड किक सोडणाऱ्या ब्रँडन बॉस्टिकवर येऊन थांबते. बिचाऱ्याला वर्षानुवर्षं ऐकून घ्यावं लागलं. त्या एका चुकीचं बिल त्याच्या नावावर फाडलं की बाकीच्यांची पानं चाळायचे कष्ट वाचतात, हे त्यामागचं साधं कारण. बर्नेटचं खाली बसणं घ्या: हाताला काही गफलत झाली नाही, नियम मोडला नाही, कुठल्याही तक्त्यात त्याची उणी नोंद नाही. उलट एक इंटरसेप्शन जमा. कर्सच्या टचडाउनला मागे कुणी नव्हतं हा निर्णय बचावाचा प्रशिक्षक डॉम केपर्सच्या बाकाचा. त्याची नोंद तर कुणाच्याच खात्यावर नाही.

सिएटललाही दोन आठवड्यांनी हाच धडा मिळाला. न्यू इंग्लंडविरुद्धच्या सुपर बोलमध्ये चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला २४–१४ अशी आघाडी होती. थॉमसचा खांदा, चॅन्सलरचा गुडघा आणि शर्मनचं कोपर आधीच दुखावलेलं, तरी ते टिकून होते. तिसऱ्या क्वार्टरमध्ये पास रशर क्लिफ ॲव्हरिल डोक्याला मार लागून बाहेर गेला. त्यानंतर ब्रेडीला पाय रोवून उभं राहायला मिळालं आणि त्याने दोन टचडाउन काढले. शेवटचा पास गोलरेषेवर माल्कम बटलरच्या हाती गेला म्हणून सगळी चर्चा तिकडे वळली. सिएटलच्या मागच्या फळीची ती रात्र ॲव्हरिलशिवाय वाचायची म्हटलं तर चुकीचीच वाचली जाणार.

म्हणूनच फिलाडेल्फियाचं उदाहरण मला वैयक्तिक गुणांकनाच्या भक्तांपुढे ठेवावंसं वाटतं. २०२३ मध्ये ईगल्स पासच्या यार्डांत ३१ वे होते. २०२४ मध्ये पहिले. रीड ब्लँकनशिप दोन्ही वर्षी सेफ्टी. तो एका उन्हाळ्यात दुसराच माणूस झाला नव्हता. बचाव विक फॅन्जिओ या नव्या प्रशिक्षकाच्या हाती आला, क्विन्यन मिचेल आणि कूपर डीजीन हे दोन नवे कॉर्नर आले, जोडीला सी. जे. गार्डनर-जॉन्सन परतला. आणि पुढचे चार गडी इतके जबर होते की सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटी चीफ्सच्या पॅट्रिक महोम्सवर एकदाही ब्लिट्झ, म्हणजे नेहमीपेक्षा जास्तीचा गडी, न पाठवता त्यांनी सहा सॅक काढले. जास्तीचा माणूस पुढे पाठवावा लागत नाही, तेव्हाच दोन्ही सेफ्टी मागे राहू शकतात. चीफ्सचा पहिला गुण लागला तेव्हा ईगल्सचे ३४ झाले होते.

इतकं सगळं एकमेकांत गुंतलेलं असताना बाजार काय करतो? जे वेगळं काढून दिसतं त्याला भाव देतो. २०२० मध्ये सिएटलने जमाल ॲडम्ससाठी पहिल्या फेरीच्या दोन निवडी, तिसऱ्या फेरीची एक आणि वर एक खेळता सेफ्टी दिला. ॲडम्सने त्या वर्षी साडेनऊ सॅक केले. मागच्या फळीतल्या खेळाडूचा हा विक्रम. लगेच चार वर्षांचा सुमारे ७ कोटी डॉलरचा करार. इंटरसेप्शन त्या वर्षी शून्य, त्याने मी फारसा हललो नसतो. पण ज्याला मागे ठेवायचं त्याचं नाव मोठं होतं पुढे घुसण्यासाठी, ही खटकणारी गोष्ट होती. पुढच्या वर्षी सॅकही शून्यावर आले, मग गुडघ्याने आणि मांडीने दगा दिला, आणि मार्च २०२४ मध्ये सिएटलने त्याला सोडलं. दुखापतीला कुणी दोष देऊ नये. पण भाव ठरला तेव्हा तो धडधाकट होता, आणि तेव्हाच तो चुकला होता.

उलट टोक पुन्हा ग्रीन बेचं. मायका हाइड हा पाचव्या फेरीतला, कॉर्नरवरही खेळणारा, सेफ्टीवरही, किकही परत आणणारा. कुठल्याच तक्त्यात पहिल्या पानावर न येणारा. २०१७ मध्ये पॅकर्सने त्याला जाऊ दिलं. बफेलोने त्याला जॉर्डन पॉयरच्या शेजारी उभं केलं आणि त्याच हंगामात हाइड प्रो बोलला गेला, बफेलोचा बाद फेरीचा सतरा वर्षांचा उपवास सुटला. २०२१ मध्ये बफेलोचा पास डिफेन्स यार्डांत लीगमध्ये पहिला होता. आणि त्याच जोडीच्या नाकासमोर, २३ जानेवारी २०२२ ला, कॅन्सस सिटीने १३ सेकंदांत ४४ यार्ड काढून बरोबरी साधली: टायरीक हिलला १९, ट्रॅव्हिस केल्सीला २५. दोघे सेफ्टी गोलरेषेची राखण करत फार मागे उभे होते, आणि चीफ्सला हवा होता फक्त किकच्या पल्ल्यात येण्यापुरता रस्ता. टाइमआउटही त्यांच्याकडे शिल्लक होते. सेफ्टींनी सांगितलेलं काम चोख केलं. सांगितलेलं काम चुकीचं होतं.

या असल्या प्लेला गुण देणाऱ्या संस्था आता आहेत. प्रत्येक खेळाडूला प्रत्येक प्लेमागे अधिक-उणे देतात आणि सोमवारी सकाळी ते आकडे जगभर फिरतात. मी ते पाहतो. पण सेफ्टीच्या बाबतीत गुण देणाऱ्याला मैदानात दिलेला हुकूम ठाऊक नसतो, हे विसरून चालत नाही. हाइडला मागे राहा म्हणून सांगितलं असेल तर त्या १३ सेकंदांत त्याला उणे द्यायचं की अधिक? यावर उपाय म्हणून काही जण मोजणंच सोडा म्हणतात, जुन्या स्काउटांचा डोळा पुरे. तेही पटत नाही. डोळ्याने ठरवायचं म्हणजे ज्याची धडक दणदणीत तो चांगला, आणि मग पेप्रासारखा खांद्याने आदळून उडणारा माणूस हायलाइटमध्ये शोभतो, निक्स सुटेपर्यंत.

मोजायचं साहित्य आता आहे. खेळाडूंच्या खांद्याच्या पॅडमध्ये गेली दहा वर्षं चिप बसवलेल्या असतात. कोण कुठे उभा होता, किती वेगाने कुठे वळला, याची सेकंदाला अनेक वेळा नोंद होते. सेफ्टी मध्यावर उभा असताना क्वार्टरबॅकची नजर आधी कुठे गेली आणि पास शेवटी कुठे पडला, हे त्यातून बऱ्यापैकी उकलता येतं. एनएफएलची बिग डेटा बोल नावाची स्पर्धा असते. २०२१ ला तिचा विषयच पासवरचा बचाव होता, आणि त्यासाठी २०१८ च्या हंगामातल्या पास प्लेंच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या केल्या गेल्या. हौशी लोकांनी, विद्यार्थ्यांनी त्यावर उत्तम काम केलं. भारतात बसूनही ते करता येत होतं. मग दर हंगामाच्या नोंदी का नाहीत? संघांना त्या मिळतात, प्रेक्षकाला शेलके तुकडे. कराराच्या वाटाघाटीत खेळाडूचं नुकसान होईल, ही भीती मला कमी कळते. संघाकडे आकडे आहेतच. नाहीत ते प्रेक्षकाकडे, आणि उद्याचा निक कॉलिन्स कोण हे चारचौघांत पटवून देऊ पाहणाऱ्याकडे.

पॅकर्सच्या बाबतीत हा प्रश्न जरा जास्तच टोकदार होतो. १९२३ पासून हा संघ भागधारकांचा आहे. एनएफएलमधला असा एकमेव. त्याच २०११ च्या डिसेंबरमध्ये, पास डिफेन्स ३२ व्या क्रमांकाकडे चाललेला असताना, त्यांनी २५० डॉलरला एक असे नवे भाग विकले आणि लोकांनी रांगा लावून घेतले. लाभांश नाही, बाजारात विकता येत नाही. मिळतं ते मत, आणि उन्हाळ्यात लॅम्बो फील्डवर भरणाऱ्या सभेत बसायचा हक्क. ताळेबंद वाचून दाखवतात, स्टेडियमच्या दुरुस्तीवर बोलतात. तिथे कुणी उठून विचारावं: आपला सेफ्टी मागे आहे हे पाहून समोरच्याने गेल्या हंगामात किती वेळा लांबचा पास टाकायचा विचार सोडला, तुमच्याकडे हा आकडा आहे ना, मग अहवालात तो का नाही?